ईनबाईंनी वाचवलेला सामना

पाच दिवस खेळून शेवटी कोणीच जिंकलं नाही, या गोष्टीचे पेढे वाटणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या लेकीला सासू म्हणून मिळाली. आमच्या ईनबाई घाटनांदूरच्या. कापूस वेचताना रेडिओ त्यांच्या ओटीत असायचा. ओटी भरत जाई तसा सामन्याचा आवाज कापसात दबत जाई, आणि त्या ओटी रिकामी करायला धावत. त्यांचे यजमान म्हणायचे, "रोज कसोटी असती तर गावात पहिला कापूस आमचाच घरी आला असता." सामना असला की घरादाराने खेळाडू जेवतील तेव्हाच जेवायचं, आणि ते चहा घेतील तेव्हाच चहा. वीस षटकांच्या सामन्यांचं नाव काढलं तर त्या नाक मुरडायच्या. "लग्नाला यायचं, आहेर टेकवायचा आन न जेवता पळायचं, त्यातली गत."

त्या माझी सुनंदा पाहायला आल्या, तेव्हा मी पन्नाशीच्या आत होते आणि मला चपळाईचा भलता गर्व होता. समोरच्याचं वाक्यसुद्धा मीच पुरं करायची. लेकीला तोंड उघडू न देता मी सुरू केलं, "आमची सुनंदा लई चपळ हाय. चहा म्हणलं की कप हातात." ईनबाईंचा चेहरा पडला. मी आणखी जोर लावला, "टोपलंभर भाकरी एका दमात थापती." चेहरा आणखी पडला. शेवटी सुनंदाच म्हणाली, "आई उगं सांगती. मला सगळ्याला येळ लागतो." ईनबाईंनी तिथल्या तिथे तिच्या हातात नारळ ठेवला. निघताना मला म्हणाल्या, "पोरगी टिकून खेळंल." पुढे चार दिवस मी लेकीला खोदून खोदून विचारत होते, तू शाळेत नेमकं काय खेळायचीस म्हणून.

लग्नाचा मुहूर्तही त्यांनी भटजींना गाठून खेळाडूंच्या जेवणाच्या सुट्टीतला काढून घेतला होता. हे मला दोन नातवंडं झाल्यावर कळलं. तोवर मी शहाणी, असा मुहूर्त शंभर वर्षांत नाही म्हणून आमच्या गावाला, सगळ्या नेकनूरला सांगून बसले होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हा दौरा होऊ द्या, तो दौरा होऊ द्या, असं करत त्यांनी तो इतका पिकवला होता की एका डोळ्याला नुसता उजेड कळायचा आणि दुसऱ्यात धूर भरलेला. बीडच्या डॉक्टरांनी सुनंदाला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, "फार उशीर केलात. नजर किती येईल, येईल की नाही, ते पट्टी काढल्यावरच सांगता येईल." पट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार होती. घाटनांदूर लांब, म्हणून मुक्काम माझ्याकडे. आणि तो दुसरा दिवस म्हणजे कसोटीचा पाचवा.

त्यांचा रेडिओ घाटनांदूरलाच राहिला होता. माझ्या टीव्हीला चित्र होतं, पण वीज कडाडल्यापासून आवाज गेलेला. मी दुरुस्त केला नव्हता, कारण मालिकेत सासू कोण आणि सून कोण हे आवाजावाचूनही समजतं. मोबाइलला रेंज मिळायची ती बाहेर लिंबाखाली, आणि ऑपरेशन झालेल्या बाईला वाऱ्यात कोण बसवणार?

"मग तुमीच सांगा," ईनबाई म्हणाल्या. "आज आपल्याला जिंकायचं न्हाई. दिवस सरेस्तोर बाद व्हायचं न्हाई, एवढंच."

"मला त्यातलं काय कळतंय, ईनबाई?"

"दिसतंय ना? मग झालं."

मी सुरू केलं. "एक उंच गडी पळत आला. आपल्याने बॅट वर केली. चेंडू मागं गेला."

"सोडला का?"

"सोडला."

"शाब्बास."

काही न केल्याबद्दल शाबासकी आमच्या घरात कोणाला मिळत नसे. मिळत असती तर माझ्या यजमानांनी कपाटं भरली असती. पण दुपारपर्यंत मीसुद्धा "सोडला" म्हणताना मान डोलवायला लागले. मग धडाधड गडी बाद होत गेले. चहाच्या सुट्टीनंतर तर शेवटची जोडीच उरली. ईनबाईंचा हात सारखा पट्टीकडे जाऊ लागला.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"डॉक्टर तुमाला काय म्हणले ते ऐकलंय मी. कान शाबूत हायत माझे." मग त्या हळूच म्हणाल्या, "न्हाई आली नजर तर?"

आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तराची घाई झाली नाही.

"कोण खेळतंय आता?" त्यांनीच विचारलं.

"एक काटकुळा गडी. डोक्यावर हेल्मेट मोठं आन मान बारीक. हळदीला बसवलेल्या नवरदेवागत घाबरलाय. भोवती सगळे असे वाकून उभे, जसं काय रुखवत बघाया आल्यात."

"समदं सांगा. काई गाळू नका."

मी काही गाळलं नाही. त्याने हातमोजा ओढला ते सांगितलं, आभाळाकडे बघितलं ते सांगितलं, पायाने माती सारखी केली तेही सांगितलं. चुलीवरून दूध उतू गेल्याचा वास आला. माझ्यासारखी चपळ बाई, पण जागची हलले नाही. सुनंदाच पळाली. शेवटी पंचांनी दांड्यांवरच्या त्या छोट्या लाकड्या उचलल्या आणि सगळे एकमेकांचे हात हातात घ्यायला लागले.

"वाचलो," मी म्हटलं.

ईनबाईंनी चाचपत माझा हात धरला. मग म्हणाल्या, "चला आता. काय व्हायचं त्ये हूं दे."

दवाखान्यात पट्टी निघाली. डॉक्टरांनी समोर बोटं धरली, "किती, आजी?"

ईनबाईंनी डोळा किलकिला केला. सुनंदाने माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

"तीन," ईनबाई म्हणाल्या. "आन मधल्याचं नख कापा."

सुनंदा रडायला लागली. मी रडले नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

घरी आलो तर बातम्यांत तोच सामना लागलेला. ईनबाई हौसेने टीव्हीपुढे बसल्या, नव्या डोळ्याने पहिल्यांदा बघायला. चार चौकार, पडलेले गडी, हात मिळवणं, आणि जाहिरात.

"एवढंच?"

"एवढंच दाखवतात."

"आन ती माती सारखी केलेली? ते सोडलेले चेंडू?"

"ते नसतं दाखवत."

"बंद करा ते. तुमी सांगा."

मी टीव्ही बंद केला आणि त्यांच्याजवळ भिंतीला टेकून पाय लांब केले. ज्याच्यासाठी आम्ही दिवसभर जीव मुठीत धरून बसलो होतो, तो डोळा त्यांनी निवांत मिटून घेतला. मग मी सकाळच्या पहिल्या चेंडूपासून सुरुवात केली.