मिक्श्चरच्या बाटल्या आणि माझे मामेसासरे

माझ्या मामेसासऱ्यांइतका रागीट माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नाही. मलकापुरात एका डॉक्टरांकडे त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली आणि दवाखाना बंद झाल्यावर तिथलं टाकाऊ सामान आणून घराच्या पुढच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं. दगडी खल, पितळी तराजू, काचेच्या सिरिंजा, सुया उकळायचा डबा. बघायला येणाऱ्यांवर ते दारातच भडकतात. एकाने तराजू सोनाराचा का म्हणून विचारलं, तर त्याला चपला घालायला लावून बाहेर काढलं. फार्मसी शिकणाऱ्या पोरांनी खलाबरोबर सेल्फी काढला, तेव्हा म्हणाले, "ह्यात पावडर घोटून आमचा खांदा गेला, आनि तुमी दात दावतायसा व्हय?" चहा मात्र सगळ्यांना मिळतो, तोही बोलणी खात प्यावा लागतो.

गेल्या दिवाळीआधी ते आठवडाभर गावी गेले आणि साफसफाईसाठी किल्ली मला देऊन गेले. फडताळात मिक्श्चरच्या धुळकट बाटल्या होत्या. प्रत्येकीवर खाचा कापलेली कागदी पट्टी. एका खाचेपर्यंत एक डोस. हे मला माहीत होतं. त्या पट्ट्या मामींनी, त्या हयात असताना, घरी बसून कापलेल्या होत्या, हे माहीत नव्हतं. मी सोड्याच्या गरम पाण्यात बाटल्या लख्ख धुतल्या, पट्ट्यांसकट. बायकोने सांगितलं तेव्हा स्वतःची इतकी चीड आली, की फूटपट्टी घेऊन नव्या पट्ट्या कापल्या, चहात बुडवून पिवळ्या केल्या आणि चिकटवल्या.

गावाहून परतल्यावर मामांनी एक बाटली उजेडात धरली.

"पावणं, ह्या खाचा सरळ हायत. तिची तिसरी खाच कायम वाकडी." मग आवाज चढला. "धुतल्याचा राग एकवेळ गिळला असता. पर ही लबाडी केलीसा!"

सगळ्या पट्ट्या त्यांनी नखाने खरवडून काढल्या आणि दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. आता त्या बिनपट्टीच्या बाटल्यांपुढे सुबक अक्षरात पाटी आहे : 'मिक्श्चरची बाटली. पट्टी भाचजावयाने धुतली.' पाहुणे पाटी वाचतात, मामा माझ्याकडे बोट दाखवतात.

परवा त्यांनी मला आत बोलावलं. एका जुन्या खोक्याच्या तळाशी माझ्या धुण्यातून सुटलेली एक बाटली निघाली होती. पट्टी शाबूत, तिसरी खाच खाली घसरलेली. मला लांबूनच दाखवून त्यांनी ती फडताळात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"तिसरा डोस जास्त जायचा, चवथा कमी पडायचा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पेशंट वरडायचं, डॉक्टर माज्यावर वरडायचे. मी तिला कदी बोललो न्हाय."