महालक्ष्मींच्या नथा

भानुमतीबाईंच्या मनात संशय शिरला तो पितळी डब्यापासून. महालक्ष्मींचे दोन्ही मुखवटे वर्षभर त्या डब्यात, आणि डबा देवघराखालच्या कप्प्यात. एकतीस वर्षांत त्याची जागा हलली नव्हती. यंदा तो धाकट्या जावेच्या, बेबीच्या पिशवीशेजारी दिसला.

"चिंच लावून घासून राहिली मी, ताई."

"दरवर्षी मी घासते."

"आता काहून हात दुखवता?"

बेबीचं घर शहपुऱ्याला. दरवर्षी पूजनाच्या दिवशी सकाळी यायची आणि जेवणं आटोपली की परत जायची. यंदा दोन दिवस आधीच हजर.

तीन वर्षांपूर्वी भानुमतीबाईंची डावी पापणी उतरली ती वर जाईना. डॉक्टरांनी मायस्थेनिया सांगितला. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही म्हणे. सात, अकरा, तीन, सात अशा वेळांना गोळ्या. गोळी वेळेवर मिळाली तर बाई उभ्या. वेळ टळली की हात खांद्यातून गळतो, चावता चावता जबडा थांबतो. सकाळी धडधाकट आणि संध्याकाळी आडवं, हे लोकांना पटत नाही. आजूबाजूला सगळी हिंदी वस्ती; शेजारीण तर तोंडावर म्हणाली होती, "सुबह तो भली-चंगी थीं आप!"

गेल्या वर्षी पूजेला बसल्यावर नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही म्हणून त्यांनी अकराची गोळी घेतली नाही. नैवेद्याला दोन वाजले. पुरणपोळीचा पहिलाच घास घशात अडकला, प्यायलेलं पाणी नाकातून आलं. नवऱ्यानं, दिवाकररावांनी, भरल्या पानावरून उठवून दवाखान्यात नेलं. चार दिवस तिथे. तेव्हापासून सासूबाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यात फिरत होतं. मुखवटे हाती देताना म्हातारी म्हणाली होती, "जिला झेपेल, तिच्या घरी देवी."

आणि आता बेबी आणि सून प्रणाली स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. भानुमतीबाई दारात आल्या की गप्प. एकदा प्रणालीचं ऐकू आलंच, "आईंना अभी नहीं बताते, काकू."

"काहीतरी शिजतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"सणाचं घर आहे, शिजणारच." कारखान्यातून निवृत्त झालेल्या दिवाकररावांनी पेपरातून डोकं काढलं नाही. म्हणजे यांनाही ठाऊक आहे!

पूजनाच्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, सातला दोन गोळ्या एकदम घ्यायच्या, म्हणजे दुपार निघेल. डॉक्टरांनी बजावलं होतं, असं कधी करू नका. पण डॉक्टरांच्या घरी थोडीच महालक्ष्मी बसतात? तर उशाशी वाटीत एकच गोळी काढून ठेवलेली, आणि औषधाचा डबा गायब. आता गोळ्यासुद्धा लपवल्या! देवीपुढे हात जोडून त्या पुटपुटल्या, "आई, तूच बघ."

साडेदहाला बेबीनं हाक मारली, "ताई, या. पान वाढा देवीले."

"इतक्यात?"

आत जाऊन पाहतात तर सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, सगळं तयार. बेबी पहाटे तीनला उठली होती. देवीवर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगून झाला होता. भानुमतीबाईंनी आपल्या हातानं नैवेद्य दाखवला, आरती केली. अकराच्या ठोक्याला प्रणालीच्या मोबाइलचा गजर वाजला आणि ती तीर्थाची पळी आणि गोळी घेऊन समोर उभी राहिली.

"आई, घ्या. देवी जेवली, अब आप."

बाराला भानुमतीबाईंनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, सावकाश, पण खाल्ल्या. तरी मन मानेना. कोणी उगीच पहाटे तीनला उठत नाही.

"बेबी, खरं सांग. मुखवटे न्यायचे आहेत ना तुला?"

बेबी ताटं उचलता उचलता थांबली. "हो. न्यायचे आहेत. मागच्या साली तुमच्या नाकातून पाणी आलं तवा समोर मीच होती. पुन्हा नाही पाहवत मले. आणि खोटं काहून बोलू, मले हौस पण आहे. किती वर्षांची."

 मनातल्या मनात भानुमतीबाईंना थोडं बरंही वाटलं, संशय खोटा नव्हता म्हणून.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या अक्षता टाकल्यावर त्यांनी स्वतः मुखवटे लाल कापडात गुंडाळले, डब्यात ठेवले आणि डबा बेबीच्या ओटीत घातला. बेबीचे डोळे भरले. तरी तिनं दारातच झाकण उघडून पाहिलं.

"ताई, दोघींच्या नथा?"

"माझ्याजवळ आहेत."

"काहून?"

"पुढल्या वर्षी घेऊन येईन. मी आल्याशिवाय देवीला नथ नाही. आणि नैवेद्य अकराच्या आत."

"भरवसा नाही माझ्यावर?"

"आहे. म्हणून तर मुखवटे दिले."

बेबी हसत रिक्षात बसली. रिक्षा वळली तेव्हा भानुमतीबाईंची डावी पापणी उतरू लागली होती.

"तीन वाजले," त्या दिवाकररावांना म्हणाल्या, "गोळी आणा. आणि तुम्ही लपवलेला औषधाचा अख्खा डबा आणा, मला बघू द्या."