मेव्हण्याच्या गाडीची लाईट

माझा मेव्हणा अंधेरीला मालिकांच्या शूटिंगसाठी गाड्या भाड्याने देतो. त्याच्याकडे एक पिकअप आहे. तिच्या केबिनच्या मागेच जनरेटर बसवलेला आहे, आणि त्या पिकअपला जोडून ओढायचं एक चाकांवरचं घर आहे. आत एक पलंग, एसी, लहानसा फ्रिज आणि भोवती बल्ब लावलेला आरसा. दाराशी चहा करण्यापुरता ओटा. युनिटची माणसं त्याला सरळ ‘डबा’ म्हणतात. गणपतीच्या महिनाभर आधी, एका रविवारी दुपारी, त्याने तो डबा मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात आणून उभा केला. माझ्यासाठी.

का, ते सांगणं आलं. मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. झोपताना तोंडावर मास्क लावायचा, त्याची नळी एका मशीनला जोडायची, आणि ते मशीन आत हवा ढकलत राहतं. मशीन विजेवर चालतं. आमच्या गावी पावसात वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. गणपतीत घरचे सगळे पुरुष ओटीवर एका रांगेत झोपतात. त्या रांगेत आपण सोंड लावून पडलोय, हे चित्र मला सहन होत नव्हतं. आणि मशीन न लावता झोपायची भीती वाटायची. म्हणून पाच-सहा वर्षं मी गावी गेलोच नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही, इथवर ठीक. पण पहिल्याच वर्षी एक चुलतभाऊ फोनवर म्हणाला, “वहिनी सोडत नसेल रे तुला.” आणि मी हसलो. नाही म्हणालो नाही. पुढल्या वर्षापासून ते घरात पक्कंच झालं की मुलुंडच्या सुनेला गाव आवडत नाही. लग्नात, बारशाला बायकोला टोमणे बसायचे. घरी आल्यावर ती मला एवढंच विचारायची की कधी सांगणार आहात. मी म्हणायचो, सांगतो. ती माझं गुपित माझ्या परवानगीशिवाय उघडं करणाऱ्यातली नाही. शेवटी मला विचारून तिने फक्त आपल्या भावाला सांगितलं.

त्याला यात काही अवघडच वाटेना. “भावजी, तुमचं मशीन पंख्याएवढी लाईट खातं. मी हिरोइनीचा एसी चालवतो.” डबा पिकअपला लावून गावी न्यायचा, अंगणात उभा करायचा, आणि मी ‘डब्याची राखण’ म्हणून आत झोपायचं. कुणाला काही कळणार नाही. मला ही युक्ती फार आवडली, हेही कबूल करतो.

तर त्या रविवारी ट्रायल होती. मेव्हण्याने धुराचं नळकांडं डब्याच्या खिडकीपासून लांब राहील अशी गाडी लावली, जनरेटर सुरू केला, त्याचा आवाज एकसारखा होऊ दिला, मग जाड केबल डब्याला जोडली. आधी एसी, मग माझं मशीन. बायकोला त्याने बजावलं की एसी चालू असताना ओट्यावरची विजेची शेगडी लावायची नाही, दोन्हीचा भार झेपत नाही. मी मधला सरकता दरवाजा ओढून घेतला आणि मास्क लावून पडलो. वर बल्बांच्या आरशात मी दिसत होतो. इतका वाईट हिरो कुठल्याच मालिकेने घेतला नसेल.

डोळा लागतोय तोच बाहेर दादाचा आवाज आला. माझा मोठा भाऊ. गावाहून आमंत्रण द्यायला म्हणून न कळवता आला होता, हातात नारळांची पिशवी घेऊन. डबा बघून तो खूश झाला. वर घरात कशाला जायचं, इथेच चहा कर, म्हणाला, बघूया तुझ्या भावाच्या गाडीत किती दम आहे ते. बायको काहीतरी पुटपुटली. मोठ्या दिरापुढे जनरेटरचा हिशोब कोण सांगणार? तिने शेगडी लावली.

“काय गो,” दादा म्हणाला, “गावची लाईट जाता म्हणान तू येणस नाय ना? आता लाईट वांगडाक घेऊन ये. मगे काय सांगतलस?”

“दादा, साखर किती घालू?” ती म्हणाली.

मी जागा होतो. सगळं ऐकत होतो. आणि मास्कच्या आत हवा घेत गप्प पडून होतो.

मग एकदम एसी थांबला, बल्ब विझले, मशीनने एक सुस्कारा सोडला आणि सगळं शांत झालं. नाकावर मास्क असा बसला की गुदमरल्यासारखं झालं. मी दरवाजा सरकवून तसाच बाहेर आलो, नळी छातीवर लोंबत. समोर दादा, बायको, आणि केबलकडे धावत आलेला मेव्हणा.

“ह्यां काय?” दादाने विचारलं.

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती भांड्यातल्या चहाकडे बघत होती. मेव्हण्याने मला वाचवायला तोंड उघडलं, कसलं तरी शूटिंगचं नाव घेतलं. मी त्याला हाताने थांबवलं आणि मास्क काढला.

“दादा, गावी मी येत नाही. ती नाही. तिने कधीच नाही म्हटलेलं नाही. मी तिचं नाव लागू दिलं.”

मग मशीनचं सगळं सांगितलं. दादाने नळी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

“बाबांचा घोरणा आयकान आपण मोठे झालो,” तो म्हणाला. “आणि तू लाजतस कोणाक?”

अर्धवट उकळलेला, कोमट चहा त्याने सगळा प्यायला आणि तिला म्हणाला, “बरो झालो चहा.” आणखी अर्धा कप मागून घेतला. डबाबिबा गावात आणायचा नाही, असंही ठरवून टाकलं. नुसती पिकअप आण, केबल खिडकीतून आत घे आणि ओटीवर झोप.

संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, आता मोकळेपणाने जाऊ.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “इतकी वर्षं न येणारी म्हणून नाव झालं माझं. एकदा खरंच न जाऊन बघते, कसं वाटतं ते.”

ती हसत होती, पण ऐकली नाही. मी आणि मेव्हणा गेलो. आरतीनंतर, जेवणाच्या पंगतीत, पत्ते खेळताना, मी एकेकाला गाठून सांगितलं की इतकी वर्षं ती माझ्यामुळे आली नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी थोरल्या आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बायकोला इतकं सांभाळून घेणारा नवरा हल्ली मिळत नाही.

दादाने तिथल्या तिथे मुलुंडला माझ्या बायकोला फोन लावला आणि “आता तिकाच इचार” म्हणत आत्याच्या कानाला धरला.