भाडेकरूंचा गीझर

आईचं मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं ठरलं आणि एजंटने पहिलाच प्रश्न टाकला, गीझर आहे का? नव्हता. आईने जन्मभर गॅसवर पाणी तापवलं. गीझर नसेल तर हल्ली कोणी घर बघायलाही येत नाही, म्हणे. घ्या, आता हेही माझ्याच डोक्याला.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आई माझ्याकडे, कांदिवलीला. तिला सांभाळणाऱ्या बाईचा पगार त्या भाड्यातूनच निघणार होता. आई हो म्हणाली ती एकाच गोष्टीवर, करार अकरा महिन्यांचा होता. मुंबईत सगळेच अकराचा करतात, संपला की पुन्हा अकराचा. आईने मात्र ते शब्दशः धरलं. अकरा महिने झाले की ती आपल्या घरी जाणार. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं होतं ते तिला सांगायची माझी हिंमत होत नव्हती. मग काय, दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

दुकानात निघाले तर तिने जवळ बसवलं. छोटा घे, म्हणाली जड जिभेने, मला एकटीला कितीसं पाणी लागतं. आणि बटण खाली लाव, डावा हात पोचेल असं. मी बरं बरं करत सटकले.

दुकानदाराने विचारलं, माणसं किती? एजंटने गीझरच्या बोलीवर ठरवलेले भाडेकरू मी मोजून सांगितले, नवरा-बायको, दोन पोरं, सासू. मग पंधरा लिटरचाच घ्या मॅडम, छोट्यात रोज सकाळी भांडणं होतील. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण इतकं हताश मला हॉस्पिटलातही वाटलं नव्हतं. मोठाच घेतला. बटणही वर लावायला सांगितलं, पोरांचा हात पोचू नये म्हणून.

घरी आई वाटच बघत होती. खोटं बोलायचं ठरवून आले होते, जमलं नाही.

"मोठा घेतला गं आई. पंधराचा."

मुलुंडच्या स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याला तिने मला हात लावू दिला नव्हता. मी येणारच आहे, देव कशाला हलवायचे, देव्हारा नुसता बंद करून ठेव, असा हट्ट होता तिचा.

"तिथले देव इकडे घेऊन ये," ती म्हणाली. "परक्यांच्या घरात कशाला ठेवायचे."