डायलिसिसच्या तीन खाटा

डायलिसिसच्या खोलीत माणूस चार-चार तास मशीनला जोडलेला असतो. उठून जाता येत नाही, मग बोलणं होतं. आणि किस्से साचत जातात. मी तिथली समुपदेशक. कोर्समध्ये शिकले होते की मरण, स्वातंत्र्य, एकटेपणा आणि जगण्याचा अर्थ, या चार गोष्टींशी माणसाची झटापट असते. पेपरात चांगले मार्क पडले होते.

पहिल्याच दिवशी शहाद्याच्या देवराम आबांकडे गेले. एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर. शिकवल्याप्रमाणे विचारलं, "आबा, मरणाची भीती वाटते का?"

"वाटस ना. तुमले नई वाटत?"

माझ्याकडे फॉर्म होता, त्यात हा प्रश्न नव्हता. शेवटी मीच म्हणाले, "वाटते."

"मंग बसा," आबा म्हणाले.

*

शेजारच्या खाटेवर रनाळ्याच्या कमलताई, अंगणवाडी सेविका. धाकटी बहीण त्यांना किडनी द्यायला तयार होती. नवरा, भाऊ, सासरे, सगळ्यांचं ठरलं. तपासणीचे कागदही आले. ताई मात्र सही करेनात. नवरा चिडून बाहेर गेला.

मी विचारलं, "ताई, तुमच्या मनात काय आहे?"

"माले कोनी इचारंच नई."

"मी विचारतेय."

 चार तासांनी सुई काढताना त्या म्हणाल्या, "नई म्हनता येस का?"

"येतं. कोणी जबरदस्ती करू शकत नाही."

"मंग मन्हं हो शे." आणि त्यांनी पेन मागितलं.

*

एका दुपारी लाईट गेली. जनरेटर सुरूच होईना. तिन्ही मशीन ओरडायला लागली. पंप थांबला की नळीतलं रक्त गोठायची भीती असते. मग पंपाचं हँडल हाताने फिरवून रक्त अंगात परत घालायचं. रुग्ण तीन आणि ते काम येणारी माणसं दोन, सिस्टर आणि टेक्निशियन.

तिसऱ्या खाटेवर तोरणमाळचा रायसिंग होता. तो म्हणाला, "आधी आबांचं करा." आबा म्हणाले, "पहिले ताईकडे देखा." ताई म्हणाल्या, "रायसिंगकडे देखा, त्याना पोरं लहान शेतस."

"तिघंही गप्प बसा," सिस्टर ओरडली आणि आबांचं हँडल माझ्या हातात दिलं. "बाणाच्या दिशेने. हळू. थांबायचं नाही."

मी बाणाकडे बघत हँडल फिरवत राहिले. आबांचे ओठ पांढरे पडले होते. नळी रिकामी झाली, सिस्टरने चिमटा लावला, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमले लायसन कोनी दिधं?"

*

पुढच्या पावसाळ्यात रायसिंग दोन वेळा आलाच नाही. तिसऱ्या वेळी घाटातून जीपने आणला, तेव्हा अंग सुजलेलं आणि श्वास लागलेला. डॉक्टर धावले. तासाभराने तो बोलण्याइतका झाला.

मी रागातच होते. "कुठे होतास?"

"मका पेरत होतो."

"जीव मोठा की मका?"

घरी तो पावरी बोलतो. शाळेतली मराठी शोधत सावकाश म्हणाला, "मॅडम, जीव राहिला, तर त्याचं काय करायचं असतं?"

मी फाईलमध्ये फक्त त्याचं वजन लिहिलं.

*

नंतर आबांचं हृदय साथ देईना. मशीन लावलं की बीपी खाली यायचं. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला व्हरांड्यात बोलावलं. थोडेच दिवस आहेत, असं सांगितलं. मुलगा माझ्याकडे आला. चाळिशीचा माणूस, शिक्षक. म्हणाला, "मॅडम, आबांना कळू देऊ नका. घरीही कोणाला सांगणार नाही मी."

"त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही," मी म्हणाले.

तो तोंड धुऊन आत गेला. मी मागोमाग. तो हसत म्हणाला, "आबा, डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे."

 सुई लावलेला हात सांभाळत आबा कडेला सरकले, खाटेवर जागा केली.

"आठे बस," ते म्हणाले. "माले माहीत शे. पन तू हाई समदं कोनले सांगशी?"