कवळी आतच राहिली

आमच्या आत्यानं चाळीस वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर नावं लिहिली. बाटल्यांत काय असायचं ते सांगत नाही, तुम्ही जेवायच्या बेतात असाल. पण बोटभर चिठ्ठीवर नाव, वय, तारीख, आणि एक अक्षर दुसऱ्याला टेकायचं नाही! निवृत्तीनंतर तो हात काही स्वस्थ बसेना. तिनं सुताराकडून वीतभर लाकडी पेट्या आणल्या आणि त्यांवर वेलबुट्टी रंगवू लागली.

आतोबांचं काम बोलण्याचं. पगार कुणी देत नव्हतं, हौसेनं करायचे. आत्याला कुणी "कशा आहात?" विचारलं की उत्तर हे देणार, "बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो." डॉक्टरांसमोरसुद्धा! वर गुडघाही चुकीचा सांगायचे. आत्या बिचारी उजव्या गुडघ्याचं मलम डाव्याला लावून यायची. माझा तर तिळपापड व्हायचा.

अशात भेटवस्तूंच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप आला. पाच वाजता एक पेटी दाखवायला आणा, आवडली तर दुकानात ठेवू. आत्याच्या हातचं काही बघायला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं.

"तू काळजी करू नकोस, मी बोलतो सगळं," आतोबा म्हणाले.

"या वेळी मला बोलू द्या," आत्या म्हणाली.

"तुला जमणार आहे का?" एवढं बोलून ते पोटभर जेवले, कवळी काढली आणि आडवे झाले.

ती कवळी कुठे ठेवायची याला काही धरबंधच नव्हता. साबणाच्या डबीत, फ्रिजवर, एकदा तर माझ्या पर्समध्ये. त्या दुपारी टेबलावर पेटी दिसली, त्यांनी झाकण उघडलं, आत कवळी ठेवली आणि झाकण लावून टाकलं.

पेटीवरची शेवटची वेल तेवढी राहिली होती. ही वेल झाकणावरून खाली उतरते, म्हणून झाकण बंद ठेवूनच काढावी लागते, नाहीतर पानं जुळत नाहीत. मग वॉर्निश. आणि ते ओलं असतानाच फटीतून पातं फिरवायचं, नाहीतर झाकण चिकटून बसतं. हे मला शिकवलं कुणी? आत्यानंच, तेही दोनदा. त्या दिवशी तिनं वेल काढली, वॉर्निश दिलं, पेटी उन्हात ठेवली आणि पातं फिरवायला चक्क विसरली.

सव्वाचारला आतोबांनी घर डोक्यावर घेतलं. कवळी कुठे आहे ते आठवलं तेव्हा पेटी कडकडीत वाळली होती.

"अगं, उचलताना आत खडखडलं नाही का?" मी आत्याला बाजूला घेऊन विचारलं.

"खडखडलं की. मला वाटलं, तुझा खोडरबर असेल."

खोडरबर! चाळीस वर्षांत एक चिठ्ठी न चुकलेली बाई ही! आणि चेहरा बघावा तर गरीब गाय.

"आता घाईत पातं घातलं आणि पान निघालं तर दाखवू काय?" ती आतोबांना म्हणाली. "दाखवून परत आणू, मग काढू. तुम्ही घरी थांबा हवं तर."

घरी थांबतील ते आतोबा कसले? तोंडावर रुमाल धरून आले.

दुकानात मालकीणबाईंनी पेटी हातात घेतली आणि आत्या बोलायला लागली. तीन केसांचा कुंचला कुठे लागतो, हिरव्यात थेंबभर तांबडा का घालायचा, पान देठापासून का काढायचं. मी तोंडात बोट घातलं. हे सगळं हिच्यात होतं कधीपासून? रुमालामागून आतोबा नुसतेच हुं हुं करत होते.

"आतून बघू," म्हणून बाईंनी झाकण ओढलं. उघडेना. त्यांनी पेटी कानाशी हलवली. खड् खड्.

"आत काय आहे हो?"

"यांचे दात," आत्या म्हणाली.

बाईंना ठसका लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्यानं मात्र शांतपणे पातळ पातं मागून घेतलं. केसभर हात हलला असता तर वेल गेली असती, आणि तिच्याबरोबर हे दुकानही. मी देवाचं नाव घेत होते. पातं चारही बाजूंनी फिरलं, झाकण उचललं गेलं, एका पानाला ओरखडा नाही. आत कवळी छान हसत बसली होती. आतोबांनी पाठ फिरवून ती बसवली.

"वा!" बाई म्हणाल्या आणि सवयीनं आतोबांकडे वळल्या. "महिन्याला किती पेट्या द्याल?"

झालं, मी मनात म्हटलं, आता तासाभराची निश्चिंती. आतोबांनी तोंड उघडलं. पेटीकडे पाहिलं, आत्याच्या हाताकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "तिला विचारा."

आत्याचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले, आणि मग घसा खाकरला.

"चार," ती म्हणाली. "हे घरात बोलत असले तर दोन."