पाच तारे आणि दोन व्याही

तंबाखूच्या वखारीतून आलेल्या माणसाच्या धोतराला वास चिकटतो, तसे कचेरीतून सुटलेल्या माणसाला किस्से चिकटतात. कितीही झटका! मी तर चिकोडीकडच्या एका चिमुकल्या जहागिरीत कारकून होतो. म्हणजे विचारायलाच नको.

आमचे सरकार एकदा मोठ्या दरबाराला जाऊन आले. राजेरजवाड्यांच्या छातीवरचे चमकते तारे बघून त्यांची झोप उडाली. लगेच बेळगावच्या सोनाराकडून चांदीचे, मीनाकामाचे पाच 'मानाचे तारे' घडवून घेतले. सोनार म्हणाला, "सरकार, आनि धा करू?"

"नको रं! लई झालं की बिल्ला हुतोय. पाचच हायत म्हणून तारा!"

नियमही इंग्रज साहेबाच्या मोठ्या किताबांसारखाच केला. तारा तहहयात. जिवंतपणी कुणी काढून घ्यायचा नाही, माणूस गेला की कचेरीत परत, मग दुसऱ्याला. परत आणायला जायचं काम माझं!

पहिला तारा तालमीच्या वस्तादांना. ते उघड्या अंगावर उपरणं टाकून हजर! टाचणी टोचायची कुठं? शेवटी माझा कोट त्यांच्यावर चढवला. दंडाला शिवण उसवली. वस्ताद ताऱ्यासकट कोट घालून घरी गेले.

बायको म्हणाली, "कोट मागा की."

म्हटलं, "तू माग!"

दुसरा तारा बोरगावच्या आप्पांना. मोठे बागायतदार. तारा लावून मळ्यात जायचे, बैल बिथरायचे. निपाणीचे तंबाखूवाले अण्णा त्यांचे व्याही. अण्णांच्या लेकीच्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "तारेवाले मधी बसा!" नवरीचा बाप गेला कडेला. त्या दिवसापासून अण्णांनी ताऱ्याचा ध्यास घेतला. पण पाचही ताऱ्यांचे धनी ठणठणीत. मला बघितलं की विचारायचे, "कोन आजारी हाय का रं?"

एकदा आप्पांना ताप आला. अण्णा शहाळी घेऊन रोज हजर. "पाव्हणं, कसं वाटतंय?"

आप्पा पांघरुणातूनच म्हणाले, "मला बघाय आलासा का ताऱ्याला?"

"दोघांस्नीबी!"

ताप उतरला. उरलेली शहाळी अण्णांनी परत नेली.

पुढं इंग्रज जायची बोलणी सुरू झाली. आमचे सरकार राहतात की नाही इथपासून शंका, तारा कुठला मिळायला! त्यातच अण्णांनी अंथरूण धरलं. वैद्यांनी मान हलवली. आप्पा गाडी जुंपून आले, मीही तिथंच होतो. अण्णा कुणाला ओळखेनात. आप्पांनी आपल्या छातीवरचा तारा काढला आणि अण्णांच्या बंडीला टाचला.

"घ्या पाव्हणं. उगाच तुमच्यासमोर मिरवत फिरलो." डोळे पुसून मला म्हणाले, "नेमात बसत न्हाय, ठाव हाय मला. गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठून बसले आणि चहा मागितला!

आप्पांनी आठवडाभर कळ काढली. मग मला बरोबर घेऊन गेले. "पाव्हणं, तेवढा तारा..."

अण्णांनी बंडीवरचा तारा नीट सरळ केला.

"आसं कसं? मेल्याबिगर परत घ्याचा न्हाय. इचारा की ह्या कारकुनाला!"